मोगऱ्याचा फाया

भूकंपात घरं पडल्यापासून पोरं छताखाली यायला घाबरत. नवी शाळा बांधून झाली, तरी मी आत खुर्चीवर बसून शिकवायचो आणि ती दाराबाहेर उन्हात बसून ऐकायची. ओढून आत आणायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. त्या सकाळी शाळेनंतर लग्नाला जायचं म्हणून मी कानात मोगऱ्याच्या अत्तराचा फाया ठेवला होता. नांदेडचं अस्सल अत्तर. कानाशी वेलच फुलल्यासारखं वाटत होतं. धडा वाचताना दारातून वर्षाराणी म्हणाली, “सर, हलू नका. कानावर मधमाशी हाय.” “येडी हाय का ती? तितं फूल कुठंय?” ग्यानोबा हसला. “तिला खरा मोगराच वाटला असंल,” वर्षाराणी म्हणाली. मी पापणीही हलवली नाही. बघायला वर्षाराणी आत आली, मग ग्यानोबा, मग सगळीच. माझ्याभोवती पोरं श्वास रोखून उभी होती आणि छताकडे कुणीच बघत नव्हतं.