पत्र्याचा गेज

वाचकहो, मोशी येथील एका दुकानात, दुपारी चार ते पावणेपाच या अवधीत, साबिया नामक स्त्रीने आपल्या घरच्या जुन्या संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड कसे निवडले, एवढेच मी येथे नम्रतापूर्वक कथन करणार आहे. त्यात पदरचे काही घालण्याचा माझा मानस नाही.

पहिल्या शिफ्टचा गणवेश अंगावर तसाच ठेवून साबिया दुकानात आली. चाकणच्या एका कंपनीत ती गुणवत्ता तपासनीस होती. पिशवीतून तिने पत्र्याचा एक आयताकृती तुकडा काढून काउंटरवर ठेविला. त्याच्या कडा कानशीने घासलेल्या होत्या व एक कड काटकोनात वळविलेली होती.

“हे काय, ताई?” दुकानदार ओंकारने विचारले.

“गेज. आमच्या कॉम्प्युटरमध्ये कार्डाला एवढीच जागा आहे. लांबी, रुंदी, आणि या वळवलेल्या कडेवर जाडी. यापेक्षा मोठं असलं तर दाखवूच नका.”

“अहो, कॉम्प्युटरचा डबाच उचलून आणायचा की!”

“तो घरी चालू आहे. चार ते सहा आमच्या ह्यांचा सराव असतो. एक दिवस बुडवायचा नाही.”

तिचे पती अझहर हे ट्रेलरचे चालक. घाटातील अपघातानंतर त्यांचा पाय बरा झाला, परंतु स्टिअरिंगला त्यांनी पुन्हा हात लाविला नव्हता. संगणकावरील ट्रक चालविण्याच्या खेळात ते दररोज हात बसवीत. मात्र खेळातील घाटाचे तिसरे वळण आले की पडद्यावरील चित्र गोठे, आणि ते उठून जात. ट्रेलरचे मालक साहेबराव यांनी एक तारखेपर्यंत वाट पाहण्याचे मान्य केले होते. एक तारखेस पाच दिवस उरले होते.

ओंकारने तीन पंख्यांचे एक भारदस्त कार्ड पुढे सरकविले. “हे न्या. दहा वर्षं बघायला नको.”

साबियाने गेज लाविला. कार्ड बाहेर डोकावले.

दुकानाचे जागामालक भिमाजी कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. “पोरी, दार बशीवतीस व्हय?”

“दार असतं तर रंधा मारला असता, काका. हे नऊ मिलिमीटर जास्त आहे.”

“नऊ मिलिमीटरनं काय होतंय?” ओंकार म्हणाला. “आतली पट्टी जरा वाकवायची, दाबून बसवायचं. आपण रोज बसवतो.”

“दाबून बसवलेला पार्ट आमच्याकडं लाल पेटीत जातो.”

“म्हणजे?”

“रिजेक्शनची पेटी. तिच्यात पडलेलं पुन्हा लाईनवर येत नाही.”

दुसरे कार्ड मापात बसले, परंतु त्यास विजेची वेगळी वायर लागत होती. साबियाने घडी घातलेला कागद उघडला. घरच्या संगणकाच्या पॉवर सप्लायवरील सर्व आकडे तिने त्यावर उतरवून आणले होते. तशी वायर त्यास नव्हती. दुसरे कार्डही बाजूस झाले.

तिसरे कार्ड दोन पंख्यांचे, आखूड व साधे होते. तिने ते तिन्ही बाजूंनी मोजले, वायरीची खात्री केली, आणि म्हणाली, “आता तोच गेम लावून दाखवा. घाट उतरेपर्यंत.”

ओंकारने कार्ड दुकानातील संगणकास जोडले. पडद्यावरील ट्रक घाट चढला, तिसरे वळण वळला आणि निर्वेधपणे खाली उतरला.

“झालं समाधान?” ओंकार हसला. “जुनं कार्ड कुठलं होतं तुमचं?”

तिने कागदावरील नाव वाचून दाखविले. ओंकारचे हसणे मावळले. त्याने कार्ड संगणकातून काढून काउंटरवर ठेविले.

“ताई, खरं सांगू का? माझं गिऱ्हाईक जाईल, तरी सांगतो. तेच कार्ड माझ्या घरी आहे. हाच गेम चालतो त्याच्यावर. घाटात थोडा अडखळतो, पण थांबत नाही.” त्याने आवाज खाली आणला. “चित्र कार्डानं गोठत नसेल. कुणीतरी गेम थांबवायचं बटण दाबत असेल.”

भिमाजींचे वर्तमानपत्र खाली आले.

“ठाऊक आहे,” साबिया म्हणाली. “दाराआडून आवाज येतो मला बटणाचा.”

“मग कशाला बदलताय हे?”

“आमच्या लाईनवर नियम आहे, दादा. माल बिघडायला लागला की आधी मशीनची शंका मिटवायची. तोवर ऑपरेटरला कुणी एक शब्द बोलायचा नाही.” तिने कार्ड स्वतःच्या हाताने खोक्यात घातले. “मशीनची शंका आज मिटली.”

“आन् उद्या बी गाडी त्याच वळणाला थांबली तर?” भिमाजींनी विचारले. त्यांच्या स्वरात आता थट्टा नव्हती.

“तर शेजारी खुर्ची टाकून बसेन. क्लीनरच्या बाजूला.”

तिने पर्स उघडली. तपासून उत्तीर्ण झालेल्या वस्तूवर कंपनीत जी हिरवी चिठ्ठी लावतात, तशी एक चिठ्ठी तिने काढली, तिच्यावर आजची तारीख घालून सही केली व खोक्यावर अंगठ्याने दाबून चिकटविली.

मग आणखी एक चिठ्ठी काढली. तिच्यावर पुढच्या महिन्याची एक तारीख घातली. सहीची जागा कोरीच ठेविली, आणि ती चिठ्ठी गणवेशाच्या खिशात घालून खिशाचे बटण लाविले.

येथे माझे कथन पूर्ण झाले. आपण आपला अमूल्य वेळ देऊन हे वाचले, याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

सयाजी येळवंडे, कुरुळी