साहेबांची परवानगी

परीक्षेच्या निकालाच्या दिवशी वेबसाइटवर झुंबड उडायची आणि गर्दी वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरला एकेक सर्व्हर हाताने जोडताना वेबसाइट सांभाळणाऱ्या इंजिनिअर तरुणीचा जीव मेटाकुटीला यायचा. यंदा तिने ते काम आपोआप करणारा प्रोग्राम लिहिला आणि ताईच्या बाळंतपणासाठी रजा मागितली.

"झकास! फक्त प्रत्येक सर्व्हर जोडण्याआधी माझ्या फोनवर परवानगी मागायची," साहेब म्हणाले. "इथला मालक कोण, हे यंत्रालाही कळायला नको?"

"अहो साहेब, मग ते आपोआप कसलं?"

"तू खुशाल ताईकडे जा गं. मी बसलोय ना इथे!"

निकाल लागला. प्रोग्राम बिचारा परवानगी मागून मागून थकला. साहेब मात्र फोन बंद करून एका परिषदेत 'माणसाविना चालणारी यंत्रणा' या विषयावर तासभर अकलेचे तारे तोडत होते. वेबसाइटने मान टाकली.

संध्याकाळी ती ताईच्या उशाशी बसली असताना साहेबांचा फोन आला.


"तुझ्या प्रोग्रामला माणूस लागतोच, हे आज सिद्ध झालं. रजा रद्द! उद्यापासून माझा फोन हातात धरून बसायला ये."