माळापल्याड जाणारी हाक

बजाबाईचा अर्धा जन्म सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं गेला होता. सोलापुरात लेकाकडं आली, तेव्हा सून पूनम तिला आणि नातवाला मॉलमधल्या हवेच्या किल्ल्याकडं घेऊन गेली. पायांत मोजे घातलेली चिल्लीपिल्ली त्या फुगलेल्या किल्ल्यात उड्या मारत होती. अडीच वर्षांचा पृथ्वीराज त्यांच्यात मिसळून गेला.

"लई गुणी पोरगं," बजाबाई शेजारच्या बाईला कौतुकानं सांगू लागली. "उशाशी कुत्री भुंकली तरी ह्याची झोप मोडत न्हाय."

"बोलतो का?"

"आमच्यात पोरं उशिराच बोलत्यात. ह्याचा बाप चौथ्या वर्षी बोलला."

पूनमची नजर पृथ्वीराजवरून हलली नाही.

वेळ संपली तशी ती पोराला आणायला उठली, पण म्हातारीनं अडवलं. "थांब, मी वळवती त्याला." मेंढरं माघारी फिरवायची ती लांब हाक तिनं छाती भरून घातली. किल्ल्यातली सगळी पोरं जागच्या जागी थबकली आणि वळून बघू लागली. एकटा पृथ्वीराज पाठमोरा उड्या मारत राहिला.

"खेळात गुंग हाय," बजाबाई म्हणाली आणि आणखी मोठ्यानं हाक घातली. आता बाकावरच्या आयाही दचकल्या. पृथ्वीराज आपला उडतोच आहे.

पूनमनं सासूचा हात धरला. "आत्या, बास. मी रोज हाक मारून बघती."

"आजून एकदा मारती की," म्हातारी म्हणाली. तिनं तोंड उघडलं, पण हाक फुटली नाही.