फाटकापर्यंत

"छापखान्यात परक्यांच्या कागदावर पेन्सिल चालवतेस ना, तशीच चालव," सासू म्हणाली आणि पुन्हा शिलाई मशीनवर वाकली. "मी आपली शिवत बसते. तुझ्या तोंडाकडे बघत बसले तर तू खरं सांगायची नाहीस."

सून खाटेच्या कडेला बसली होती. मांडीवर मापांची जुनी वही. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांच्या छाती-कंबर-उंचीचे आकडे होते आणि वही उलटी धरून मागच्या पानांवर गोष्ट लिहिलेली होती. सासूची पहिलीच. वाचनालयाच्या अंकासाठी उद्या द्यायची होती.

गोष्टीत एक शिंपीण होती. तिचा मुलगा सकाळी कामावर निघाला आणि रस्त्यातच गेला. या घरातही तसंच झालं होतं. त्याला चौदा महिने होत आले होते.

"सुरुवात चांगली झालीय," सून म्हणाली. "बातमी येते तेव्हा तिच्या हातात टेप असते, आणि ती तशीच बाईचं माप पुरं करते. ते तर फारच."

"झालंच तसं. बाही साडेनऊ. अजून आठवते."

"पण पुढे दुःखाचा डोंगर कोसळलाय. तो नको."

"का गं? कोसळला की."

"सगळ्यांवर तोच कोसळतो, आई. तुमची साडेनऊची बाही त्याहून जास्त लागते."

सासूने दोरा दाताने तोडला. "काढ मग. नाहीतरी उसनाच आणला होता."

सुनेने डोंगर खोडला. खालचंही एक वाक्य खोडलं, पुन्हा वाचलं, आणि त्याच्याखाली बारीक टिंबं देत गेली. सासू चष्म्यावरून बघतच होती.

"ही कसली रांगोळी?"

"खोडलं ते चुकलं, तसंच राहू द्या, अशी खूण असते. टाइप करणाऱ्याला कळते."

"बरंय बाई तुमचं. आमच्यात एकदा कात्री चालली की चालली."

सुनेला हसू आलं. हसतच तिने पान उलटलं. मशीन चालू होतं. पेन्सिल एकदम दाबून फिरली, वरपासून खालपर्यंत, एकेका ओळीवरून.

"आई, हे काढायला हवं."

"कुठलं?"

"त्याची बायको त्याला सोडायला येते ते. हात पुसत फाटकापर्यंत येते, 'लवकर ये' म्हणते, आणि तो कोपऱ्यावर वळून हात हलवतो. अकरा ओळी आहेत."

"वाईट उतरलंय?"

"वाईट नाही." सुनेचा आवाज छापखान्यातला झाला. "पण सगळी गोष्ट शिंपिणीच्या नजरेतून चाललीय. ती मागच्या खोलीत मशीनवर बसलेली. तिथून फाटक दिसत नाही. मग तिने हे पाहिलं कसं? वाचणाऱ्याला खटकेल."

मशीन थांबलं.

"तूच सांगितलं होतंस," सासू म्हणाली. "भेटायला आलेल्या सगळ्यांना. फाटकापर्यंत गेले होते म्हणून."

"हो."

"तेच लिहिलं मी."

सून वहीकडे बघत राहिली. येणाऱ्या प्रत्येकाने तेच विचारलं होतं, शेवटचं काय बोलला. पहिल्या दिवशी तोंडातून जे निघालं, तेच ती पुढे सांगत राहिली होती. आता ते अंकात छापून येणार होतं.

"मी नव्हते गेले, आई."

सासूने सुईखालचं कापड उगाच सारखं केलं.

"मशीनवरून फाटक दिसत नाही, बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "पण ऐकू सगळं येतं. 'येतो गं' म्हणाला. थांबला. पुन्हा म्हणाला. आणि तू नळ मोठा केलास."

नळाचा वायसर आणायला तो विसरला होता, एवढाच तिचा राग. नळ आदल्या दिवसापासून गळत होता.

"तुम्हाला ठाऊक होतं," सून म्हणाली. "तेव्हापासून."

"हं."

"मग असं कशाला लिहिलंत? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला?" सासू म्हणाली. "त्याला कुणीतरी फाटकापर्यंत सोडायला नको? मी तरी कुठे उठले. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा वाटलं होतं, उठावं. पण बाही अर्धी लागली होती. म्हटलं, संध्याकाळी येईलच की."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दोघींनी ती लांब जाईपर्यंत ऐकली.

"काढ, काढायचं असेल तर," सासू म्हणाली. "गोष्ट नीट व्हायला हवी."

सुनेने पेन्सिलीचं टोक बघितलं. अकरा ओळींच्या वर जरा मोकळी जागा होती. तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलं, 'शिंपीण मशीनवरून उठली आणि दारात आली.'

"आता दिसेल तिला," ती म्हणाली.

सासूने मान हलवली. मशीन मात्र चालू केलं नाही.

सुनेने खोडलेल्या पहिल्या शब्दाखाली एक टिंब दिलं. मग दुसरं. सावकाश, एकही शब्द न गाळता, ती ओळीमागून ओळ टिंबं देत गेली. अकराव्या ओळीत तो कोपऱ्यावर वळून हात हलवत होता.

तिथे ती बराच वेळ थांबली.