साहेब येणार म्हणून

लेकीला कॉलेजसाठी सरकारी मदत द्यायची की नाही हे ठरवायला साहेब घरची परिस्थिती बघायला येणार होते. चारचौघांत शोभा नको, म्हणून आईने शेजारणीचा सोफा आणून ठेवला. लेकीने कपाळावर हात मारला. व्हायचं तेच झालं. सोफ्यावर ऐसपैस बसत साहेब म्हणाले, "तुमचं तर झकास चाललंय. मदत कशाला हवी?"

तेवढ्यात शेजारीण दारात आली. "वहिनी, साहेबांचं झालं असेल तर सोफा नेऊ का? आमच्याकडे पाहुणे आलेत."

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब उठले आणि सोफ्याचं एक टोक त्यांनीच धरलं.

"मदत मिळेल, ताई," ते म्हणाले. "रोज लोकांनी लपवलेले सोफे शोधतो मी. उसना आणलेला पहिल्यांदाच पाहिला."