डब्यातला अननस

सत्तावन्न साली पिंपरीला कारखान्याची वसाहत नवी होती. क्षयाने आजारी पडलेली आई वर्षभर औंधच्या दवाखान्यात होती आणि मुलांना तिथे आत सोडत नसत. म्हणून आठवीतली प्रमिला दाराशी तुपाच्या डब्यात लावलेल्या अननसाशीच बोलायची; आईने तो माहेरून, रत्नागिरीहून आणला होता. आप्पा दर रविवारी सायकलवर जात आणि आईचा निरोप आणत, "झाडाला जप म्हणाली."

त्या रविवारी झाडाला फळ धरलेलं दिसलं आणि प्रमिला टाळ्या पिटत ओरडली, "गोजामावशी, हा आईचा अननसच नव्हे! खायच्या अननसाच्या डोळ्यांवरची पानं एवढीशी असतात. ह्याची बघा, लांब, लाल नि काटेरी! हा शोभेचा, साहेबांच्या बंगल्यात असतो तो. बाईंनी शिकवलंय आम्हाला."

"पाती तर तशीच हाय की. गप ऱ्हा बाई, अननसच हाय त्यो," शेजारच्या गोजाबाई घाईघाईने म्हणाल्या.

"अहो, पातीवरूनच तर सगळे फसतात!"

तेवढ्यात आप्पा सायकलवरून उतरले. ती धावतच गेली. "पकडलं तुम्हाला! झाड बदललंत ना? आईचं कुठाय?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. "तिच्याजवळ नेऊन लावलं, बाय. तिचीच तशी इच्छा होती."

"अय्या! दवाखान्याच्या बागेत?"



"नाय," आप्पा म्हणाले. "नदीवर, स्मशानाच्या कुंपणापाशी."