बाहेरची

मेव्हिसबाई लग्न होऊन इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या एका खेड्यात आल्या आणि तिथेच त्यांचे केस पिकले. तोवर गावातली निम्मी घरं शहरातल्या लोकांनी विकत घेतली होती, ती फक्त सुट्टीत उघडायची. तरी जत्रेतल्या मुरंब्यांच्या स्पर्धेत नंबर द्यायची वेळ आली, की उरलेसुरले म्हातारे म्हणायचे, "ती नको, ती बाहेरची."

नवरा गेल्यावर त्या लेस्टरला लेकीकडे राहायला आल्या. दुसऱ्याच महिन्यात गल्लीत एक पोलिश जोडपं आलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात विचारू लागलं, "इथे कचऱ्याची गाडी कधी येते हो?"

"या आजींना विचारा," दुकानदार हसमुखभाई म्हणाले, "त्या इथल्याच आहेत."

मेव्हिसबाईंनी तोऱ्यात वार सांगितला आणि घरी येऊन लेकीपुढे नाक मुरडलं, "आपल्या गल्लीत हल्ली बाहेरचे फार यायला लागलेत, बाई!"